सेकंडहँड यंत्राचा पूर्वेतिहास: मुंबईच्या गोदीपासून मालगुंडच्या किनाऱ्यापर्यंत

कोकणातील जमिनींच्या आणि देवस्थानांच्या इतिहासाला कागदपत्रांची वाण नसते. खोत आणि कुळे, भाऊबंद आणि भाऊबंद, गावकरी आणि सरकार यांच्या तंट्यांनी दफ्तरखाने भरलेले आहेत, आणि ज्या गोष्टीवरून भांडण होते तिची नोंद मागे राहते हा अनुभव येथेही येतो. लाकूड कापणाऱ्या आणि रंधणाऱ्या यंत्रांवरून दीर्घकाळ कोणी भांडले नाही. ती मुंबईत कुठल्या तरी कारखान्यातून निघाली, दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाने रोख पैसे मोजून घेतली, गलबतातून किंवा ट्रकमधून किनाऱ्यावरच्या गावी आली आणि कामाला लागली. पावती असलीच तर ती पहिल्या दोन पावसाळ्यांतच वाळवीने संपवली. त्यामुळे रत्नागिरी जिल्ह्यातील एखाद्या जुन्या बँडसॉचा किंवा रंधा यंत्राचा पूर्वेतिहास शोधू पाहणाऱ्याला कागदाची वाट पाहत न बसता यंत्राचे लोखंड, त्याने कापलेले लाकूड आणि मुंबईच्या औद्योगिक इतिहासातील ठाऊक असलेल्या तारखा ही तीन साधने एकमेकांवर घासून पाहावी लागतात.

मालगुंड हे रत्नागिरी तालुक्यातील, गणपतीपुळ्याच्या उत्तरेस लागून असलेले आणि जयगडच्या खाडीपासून फार दूर नसलेले गाव महाराष्ट्राला केशवसुतांचे जन्मगाव म्हणून परिचित आहे. १८६६ साली जन्मलेल्या या कवीचे घर जतन करून तेथे कोकण मराठी साहित्य परिषदेने १९९४ साली स्मारक उभे केले, आणि जुन्या घराची काळजी कशी घ्यावी याचे एक चांगले उदाहरण त्यामुळे या किनाऱ्याला मिळाले. मात्र अशा घरांचे वासे आणि तुळया कोणी चिरल्या, कशाने चिरल्या, हा प्रश्न घरांच्या इतिहासात सहसा विचारला जात नाही. तो विचारण्याजोगा आहे. केशवसुतांच्या बालपणी या भागात लाकूड चिरण्याची रीत शेकडो वर्षांपूर्वीची होती: ओंडका उंच घोडीवर चढवायचा किंवा खड्ड्यावर आडवा टाकायचा, कावेत बुडवलेल्या दोऱ्याने त्यावर रेघ उमटवायची, आणि लांब करवतीचे एक टोक वर उभ्या असलेल्या माणसाने, दुसरे खाली उभ्या असलेल्या माणसाने धरून ती आळीपाळीने ओढायची. वरचा माणूस रेघ सांभाळी आणि खालच्याच्या डोळ्यांत भुसा पडे. फळी ही अशा रीतीने दोन माणसांच्या दिवसभराच्या श्रमांत मोजली जाणारी महाग वस्तू असल्यामुळे सामान्य घरात ती दारे, देवघर आणि माळा एवढ्यापुरतीच दिसे. बाकीचे काम वाकसाने तासलेल्या गोल वाशांवर आणि बांबूवर भागे.

ही मेहनत यंत्राकडे सोपवण्याचे प्रयत्न युरोपात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाले होते. गोल चकतीच्या करवतीचे इंग्रजी पेटंट १७७७ सालचे आहे, तर दोन चाकांवरून सतत फिरणाऱ्या पोलादी पट्टीच्या करवतीचे, म्हणजे आज सुतार ज्याला बँडसॉ म्हणतात त्या यंत्राचे, पेटंट विल्यम न्यूबेरी याने लंडनमध्ये १८०८ साली घेतले. न्यूबेरीची कल्पना बरोबर होती, पण चाकांवर सारखी वाकणारी आणि सरळ होणारी पट्टी सांध्यापाशी तुटे. टिकाऊ सांधा जोडण्याची युक्ती फ्रान्समध्ये शतकाच्या मध्यास साधल्यावरच हे यंत्र व्यवहारात आले. रंधा यंत्राचे श्रेय प्रामुख्याने अमेरिकेकडे जाते. तेथे विल्यम वुडवर्थ याने १८२८ साली घेतलेले पेटंट वारंवार मुदतवाढ मिळवून १८५६ पर्यंत चालवले गेले आणि त्यावरून खटल्यांची रांग लागली. मुबलक जंगल आणि महाग मजूर असलेल्या त्या देशात लाकूडकामाची यंत्रे इंग्लंडपेक्षा पुढे गेली होती, आणि ही गोष्ट मुंबईतील एका पारशी अभियंत्याने इंग्रजी उद्योगजगताच्या डोळ्यांत ती भरण्याआधीच ओळखली होती.

हा अभियंता म्हणजे अर्देशीर खर्शेदजी वाडिया. सुरतेहून १७३६ साली मुंबईस आणल्या गेलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत बांधलेल्या सागवानी जहाजांची कीर्ती मोठी होती. त्यांपैकी १८१७ सालचे ‘त्रिंकोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगत आहे. या घराण्यात १८०८ साली जन्मलेले अर्देशीर लाकडाच्या जहाजांपेक्षा वाफेच्या इंजिनात अधिक रमले, १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य झाले आणि मुंबईच्या बाष्पयंत्र कारखान्याचे मुख्य अभियंता म्हणून नेमले गेले. १८४९ साली त्यांनी अमेरिकेचा प्रवास केला व तेथे लाकूड कापण्याची यंत्रे खरेदी करून ती मुंबईच्या गोदीसाठी पाठवली. वुडवर्थचे पेटंट अजून जिवंत असतानाची ही खरेदी आहे, आणि पश्चिम किनाऱ्यावरील यांत्रिक लाकूडकामाच्या इतिहासात तिला आरंभबिंदू मानावे लागते. ती यंत्रे इंग्लंडहून नव्हे, थेट अमेरिकेहून आली, हे ध्यानात ठेवलेले बरे. मुंबईतील प्रत्येक जुने यंत्र विलायतीच असणार, हा समज त्यामुळे पहिल्याच पायरीवर डळमळतो.

गोदीनंतर लाकूडकामाची यंत्रे मोठ्या संख्येने पोसली ती रेल्वेने. १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी सुरू झाल्यानंतर मुंबईहून गाड्या चालवणाऱ्या दोन्ही रेल्वे कंपन्यांच्या परळ येथील कारखान्यांतून डब्यांचे सांगाडे, बाके आणि खिडक्या लाकडाच्याच बनत असत, आणि त्यासाठी लागणारे साग मोठ्या प्रमाणात ब्रह्मदेशातून येई. हा सागाचा व्यापार रत्नागिरीच्या इतिहासाशी एका विलक्षण रीतीने जोडलेला आहे. १८६३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीने ठरल्यापेक्षा अधिक ओंडके नेल्याचा ठपका ठेवून मंडालेच्या दरबाराने १८८५ साली तिला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड केला, तो वाद ब्रिटिशांनी युद्धाचे निमित्त केला, आणि पराभूत राजा थिबा याला १८८६ साली रत्नागिरीस आणून स्थानबद्ध केले गेले. १९१६ साली मृत्यू येईपर्यंत तो तेथेच राहिला. त्याच्यासाठी १९१० च्या सुमारास पुरा झालेला राजवाडा पाहायला जाणारे प्रवासी त्याच्या दुर्दैवाची चर्चा करतात. ज्या सागाच्या ओंडक्यांवरून त्याचे राज्य गेले, त्याच सागाच्या व्यापारावर मुंबईचे आरे चालत होते, याची आठवण क्वचितच निघते.

किनाऱ्यावरच्या गावांत चिरलेल्या लाकडाची मागणी वाढण्याचे कारण मात्र रेल्वेत नसून छपरात सापडते. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला आणि पुढील दशकांत ही चपटी, एकमेकांत अडकणारी मंगलोरी कौले गलबतांतून उत्तरेकडे येऊ लागली. गवताने शाकारलेले किंवा नळीच्या कौलांचे छप्पर वाकड्या वाशांवरही बसते, परंतु मंगलोरी कौल ठरावीक अंतरावरच्या सरळ रिपेवरच नीट अडकते. म्हणून ज्या घराने ही कौले घेतली त्याला एकसारख्या जाडीच्या चिरीव रिपा घ्याव्या लागल्या. पुढे हापूस आंब्याचा व्यापार वाढला तेव्हा पेट्यांसाठी पातळ फळ्यांची दुसरी मोठी मागणी उभी राहिली, आणि ती दर वर्षी काही आठवड्यांत पुरी करावी लागत असल्यामुळे हाताच्या करवतीला झेपेना. आरागिरणी, म्हणजे ओंडके चिरून देण्याचा धंदा करणारी गिरणी, कोकणात का रुजली याचे उत्तर कौल आणि आंबा या दोन शब्दांत बहुतांशी येऊन जाते. होड्या आणि मचवे बांधणारे सुतार हे तिचे तिसरे गिऱ्हाईक होते, परंतु ते वाकड्या लाकडाचे मर्मज्ञ असल्यामुळे यंत्रावर त्यांची भिस्त उशिरा आणि अर्धवटच बसली.

यंत्र आले तरी त्याला फिरवणार कोण, हा प्रश्न उरतो. वाफेच्या बॉयलरला जाणकार माणूस आणि सततची देखभाल लागे. ते मुंबईच्या गिरण्यांना परवडे, गावाला नाही. ग्रामीण महाराष्ट्रात यांत्रिक शक्ती खऱ्या अर्थाने पोचवली ती तेलावर चालणाऱ्या एका सिलिंडरच्या, मंद गतीच्या इंजिनाने. लिंकनचे रस्टन, डर्स्लीचे लिस्टर ही विलायती नावे आधी आली. त्यानंतर साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्याने, आणि १९४६ पासून पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने देशी इंजिने पुरवली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात वसवलेल्या किर्लोस्करवाडीने शेतकऱ्याला लोखंडी नांगराबरोबर यंत्राची भाषाही शिकवली. ज्या इंजिनाने दिवसा भात भरडले त्याचाच पट्टा संध्याकाळी दुसऱ्या पुलीवर चढवून लाकूड चिरणे शक्य होते. म्हणून जुन्या यंत्राला मोटर बसवण्याच्या जागेऐवजी रुंद, सपाट पुली दिसली, तर ते पट्ट्यावर चालण्यासाठीच बनले होते असे खुशाल समजावे.

अशी यंत्रे गावात येण्याचा मोठा ओघ दुसऱ्या महायुद्धानंतरचा मानावा लागतो. युद्ध संपल्यावर लष्कराकडील अतिरिक्त सामान सरकारने विकायला काढले, आणि ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्द मराठी व्यापाऱ्यांच्या तोंडी बसला. त्याच सुमारास १९४७ च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्यानंतर नवे परदेशी यंत्र मागवणे परवान्याच्या कचाट्यात सापडल्यामुळे जुन्या यंत्राला भंगाराहून कितीतरी अधिक किंमत आली. मुंबईतील नागदेवी स्ट्रीटवरील यंत्रसामग्रीच्या पेढ्या आणि दारूखान्यातील जहाजे तोडणाऱ्यांचा बाजार यांच्यामधून अशी यंत्रे पुन्हा पुन्हा विकली जात. रत्नागिरीकडे कोकण रेल्वे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत नव्हती. अवजड माल एके काळी समुद्रमार्गे, आणि पुढे घाटरस्त्याने येई. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, सांगाडा ठिसूळ असल्यामुळे उतरवताना आपटला तर तडकतो, आणि जुन्या यंत्रांच्या पायांवर दिसणाऱ्या पितळी झाळणीच्या किंवा पट्ट्या ठोकून केलेल्या दुरुस्त्या या प्रवासाच्या खुणा असू शकतात.

कागदाचा दुष्काळ संपतो तो वनखात्यामुळे. ओंडका कुठून आला याचा हिशेब ठेवण्यासाठी आरागिरण्यांना परवाना लागू लागला, आणि टी. एन. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या आदेशाने वृक्षतोडीवर व आरागिरण्यांवर देशभर निर्बंध आणल्यानंतर परवान्याला जमिनीच्या उताऱ्याइतके महत्त्व आले. नव्या गिरण्यांचा मार्ग अडल्यामुळे जुन्या परवानाधारकाकडे असलेले यंत्र, ते कसेही असो, जागेवर राहिले. निसर्गरक्षणाच्या खटल्याने जुन्या यंत्रांचेही रक्षण केले हा योगायोग गमतीचा आहे, आणि तो कोणी ठरवून घडवलेला नाही. परवान्याचे नूतनीकरण, वीजजोडणीचा मंजूर भार आणि कारखाना निरीक्षकाकडील नोंद या तीन कागदांवरून यंत्र अमुक वर्षी अमुक ठिकाणी होते एवढे निश्चित करता येते. ते बनले केव्हा, याबद्दल हे कागद मौन पाळतात.

ते लोखंडालाच विचारावे लागते, आणि येथे संशोधकाला गती मंद करावी लागते. नामपट्टी शिल्लक असेल तर तिच्यावरचे प्रत्येक अक्षर तारखेची एक मर्यादा घालते. ‘रस्टन अँड हॉर्न्स्बी’ हे जोडनाव १९१८ च्या विलीनीकरणापूर्वी असू शकत नाही. लेस्टरच्या वाडकिन कंपनीचे नाव असेल तर १८९७ च्या अलीकडे यावे लागते. ‘वेस्ट जर्मनी’ हे शब्द १९४९ ते १९९० या पट्ट्यात बसतात. विक्रेत्याची छोटी पट्टी तर कारखान्याच्या पट्टीहून बोलकी असते. तिच्यावर ‘बॉम्बे ३’ असा टपाल विभाग असेल तर ती १९७२ पूर्वीची असण्याची शक्यता मोठी, कारण त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला सहा अंकी पिनकोड सुरू झाला. ४००००३ असा अंक असेल तर ती निश्चितच त्यानंतरची. मोटरच्या पट्टीवर वारंवारता ‘सायकल्स’ मध्ये दिली आहे की ‘हर्ट्झ’ मध्ये, हेही पाहावे, कारण हर्ट्झ हे एककाचे नाव आंतरराष्ट्रीय परिषदेने १९६० साली स्वीकारले. या सर्व खुणांची एक मर्यादा मात्र विसरता कामा नये: विक्रेत्याची पट्टी विक्रीचे साल सुचवते, घडणीचे नव्हे, आणि मोटर ही यंत्रातील सर्वांत सहज बदलली जाणारी वस्तू आहे.

पट्टी नसेल, आणि बहुधा नसते, कारण पितळ वेगळे विकले जाते, तर बोल्टचे आटे मोजावे लागतात. जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ साली सुचवलेल्या इंग्रजी आट्याचा कोन ५५ अंशांचा, तर अमेरिकन आट्याचा ६० अंशांचा असतो. आटे मोजण्याच्या साध्या पत्रीने हा फरक क्षणात कळतो आणि यंत्राची मातृभूमी अटलांटिकच्या कोणत्या बाजूला आहे हे त्यावरून अंदाजता येते. मिलिमीटरचे बोल्ट मूळ जागी दिसले तर यंत्र युरोप खंडातील किंवा १९५६ च्या वजनमापे कायद्यानंतरच्या भारतीय घडणीचे असावे. बेअरिंग, म्हणजे फिरत्या दांड्याला आधार देणारा भाग, बॅबिट नावाचा मऊ पांढरा धातू वितळवून ओतलेला असेल तर तो जुन्या परंपरेचा. पोलादी गोळ्यांची बेअरिंगे विसाव्या शतकात सर्रास झाली. रंधा यंत्रात पाती बसवण्याचा दंड चौकोनी आहे की गोल, हे तर सर्वांत आधी पाहावे. चौकोनी दंड आणि टेबल यांमधील फटीत हात सापडला की बोटे जात. म्हणून ब्रिटनने १९२२ च्या नियमांनी हाताने लाकूड सरकवण्याच्या रंध्यांवर गोल दंड सक्तीचा केला. चौकोनी दंडाचे विलायती यंत्र त्यामुळे त्या सालापूर्वीचे असण्याचा संभव मोठा असतो. ब्रिटनमध्ये बाद ठरलेली अशी यंत्रे वसाहतींकडे खपवली गेली का, या शंकेला जागा आहे, मात्र शंका म्हणजे पुरावा नव्हे.

तिसरे साधन घरांच्या माळ्यांवर आहे. फळीची दिसणारी बाजू रंधली जाते, मागची तशीच राहते, आणि त्या मागच्या बाजूवर करवतीची सही असते. दोघांनी ओढलेल्या करवतीचे ओरखडे सरळ पण तिरके आणि असमान अंतराचे असतात, चकतीची करवत कमानी काढते, बँडसॉ समांतर आणि एकसारख्या रेघा सोडतो. मालगुंड, गणपतीपुळे, जयगड या पट्ट्यातील ज्या घरांची बांधणीची किंवा कौले बदलल्याची वर्षे कुटुंबांना किंवा दस्तऐवजांना ठाऊक आहेत, त्यांच्या रिपा आणि माळ्याच्या फळ्या या नजरेने तपासल्या तर यांत्रिक चिरकाम या किनाऱ्यावर कोणत्या दशकात पोचले याचे उत्तर एका यंत्राच्या मागे लागण्यापेक्षा अधिक भरवशाने मिळेल. अर्थात चिरीव रिपा मुंबईहून गलबतात भरूनही येत, तेव्हा स्थानिक फणस आणि किंजळ यांच्यावरचे ओरखडे आयात सागावरच्या ओरखड्यांपासून वेगळे ठेवले पाहिजेत.

सर्वांत अवघड प्रकरण नकलेचे आहे. आयात-नियंत्रणाच्या काळात पंजाबातील बटाला, लुधियाना आणि सौराष्ट्रातील राजकोट येथील ओतशाळांनी विलायती यंत्रे समोर ठेवून तशीच यंत्रे बनवली, आणि कित्येकदा मूळ भागच साचा म्हणून वाळूत दाबला. ओतीव लोखंड थंड होताना दर फुटामागे सुमारे एक अष्टमांश इंच, म्हणजे साधारण शेकडा एक, आकसते; साचे बनवणारा सुतार त्यासाठी मुद्दाम मोठ्या खुणांची पट्टी वापरतो, परंतु मूळ भागच साचा केला तर ही वाढ धरलेली नसते आणि नक्कल तेवढी लहान उतरते. म्हणून ज्या बाजूंवर घडाईचे हत्यार फिरलेले नाही अशा कच्च्या ओतकामाची मापे जुन्या कॅटलॉगमधील मापांशी ताडून पाहिली, तर इंग्रजी अक्षरे जशीच्या तशी उमटलेले यंत्रही पंजाबी ठरू शकते. कोकणात आज चालू असलेल्या यंत्रांत मूळ आणि नक्कल यांची सरमिसळ एकाच सांगाड्यातही आढळू शकते: बटाल्याचा सांगाडा, कुठल्या तरी विलायती बँडसॉची चाके, मिस्त्रीने जागेवर ओतलेली बेअरिंगे आणि अलीकडची मोटर. अशा यंत्राच्या प्रत्येक भागाला वेगळे साल द्यावे लागते, तर संग्रहालयाच्या नोंदपत्रकात घडणीच्या सालासाठी एकच रकाना ठेवलेला असतो.